कार्ड अठरा मीटरचं, यादी तीस मीटरची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत नव्यानं स्कूबा डायव्हिंग शिकलेल्यांसाठी सुट्टीची ठिकाणं आली होती. फोटो झकास होते. पण मालवण, अंदमानातल्या हॅवलॉकजवळचा डिक्सन्स पिनॅकल आणि आंग्रिया बँक ही तीन नावं एका दमात वाचली आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. पोहायला नुकतंच शिकलेल्या पोराला तरणतलाव, गंगापूर धरण आणि पुरातली गोदावरी एकाच यादीत सुचवावी, तसलाच हा प्रकार.

आंग्रिया बँकेचंच घ्या. विजयदुर्गपासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, भर समुद्रात पाण्याखाली असलेलं हे प्रवाळाचं पठार. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला आहे म्हटल्यावर ऊर भरून येतो, माझाही येतो. पण त्या पठाराचा सगळ्यात उथळ भागच सुमारे वीस मीटर खोल आहे. नव्या डायव्हरच्या ओपन वॉटर कार्डाची, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या प्रमाणपत्राची, मर्यादा अठरा मीटर. म्हणजे नियम पाळायचा म्हटलं तर या माणसानं तिथे जाऊन पठाराच्या वर नुसतं लोंबकळत राहायचं! आणि काही बिनसलंच तर किनारा शंभर किलोमीटरवर. डिक्सन्स पिनॅकल सुंदर आहे यात वाद नाही, मात्र त्याचा माथाच सोळा-अठरा मीटरवर सुरू होतो आणि बाकी सगळं पस्तीसपर्यंत खाली उतरत जातं. ही ठिकाणं पुढच्या टप्प्यावरच्या, अ‍ॅडव्हान्स्ड कार्डवाल्यांसाठी आहेत.

मला यातलं काय कळतं, असं कोणी विचारेल म्हणून सांगते. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेशर गेज तपासून देणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दिवसभर बार आणि पीएसआयमध्येच असते. पोहण्याची आवड लहानपणापासूनची. नणंद आणि मी, आणि आमच्या मागे लागून माझी कॉलेजात जाणारी लेक, अशा तिघींनी ओपन वॉटरचं कार्ड घेतलं. आता आमच्या इमारतीत आणि नणंदेच्या बँकेत कोणाचंही कार्ड झालं की फोन आम्हालाच येतो. "ताई, आता कुठं जाऊ?" त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

हे कार्ड समुद्रातल्या चार डाइव्हनंतर मिळतं. शिक्षकाशिवाय, पण जोडीदारासोबत, अठरा मीटरपर्यंत जायची त्यानं मुभा मिळते. त्यात आणखी एक अट असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. ज्या पाण्यात शिकलात तसल्या किंवा त्याहून सोप्या पाण्यातच जायचं. शांत खाडीत शिकलेल्या माणसानं पाण्याला ओढ असलेल्या खडकावर जायचं असेल तर तिथल्या माणसाकडून आधी ते शिकायचं. ही एक अट मनात ठेवली की निम्मी ठिकाणं आपोआप गळतात.

लोकांना वाटतं, खोल गेलं की जास्त बघायला मिळतं. हिशेब अगदी उलटा आहे. दर दहा मीटरला एक बार, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो आणि तेवढ्या प्रमाणात प्रत्येक श्वासाला जास्त हवा खर्च होते. पृष्ठभागावर तासभर पुरणारी हवा दहा मीटरवर अर्धा तास पुरते आणि तीस मीटरवर जेमतेम पाव तास. शिवाय नवा डायव्हर श्वास घेतो तो चढणीवर धावल्यासारखा. त्याचं सिलिंडर गाइडच्या कितीतरी आधी रिकामं होतं. रक्तात मुरणाऱ्या नायट्रोजनचं गणितही असंच. आम्हाला शिकवलेल्या तक्त्यात पहिल्या डाइव्हला बारा मीटरवर १४७ मिनिटं, अठरावर ५६ आणि तीसवर फक्त २० मिनिटं थांबायची सवलत आहे. रंगांचं म्हणाल तर लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच फिका पडायला लागतो, तीस मीटरवर टॉर्च नसेल तर सगळं निळं-करडं. आठ-दहा मीटरवर ऊन पोचतं, मासे पोचतात आणि आपल्याकडे वेळही असतो. म्हणून पहिल्या काही सुट्ट्यांसाठी माझा निकष सरळ आहे: तळ अठरा मीटरच्या आत, तो शक्यतो वाळूचा, पाण्याला ओढ कमी, आणि किनाऱ्यावरून चालत किंवा थोडक्या बोटीनं पोचता येईल अशी जागा.

तळ वाळूचा का, तर नव्या माणसाला पाण्यात तरंगत स्थिर राहणं जमलेलं नसतं. तो खाली बसतो, पाय आपटतो, हात टेकवतो. वाळूवर टेकला तर धुरळा उडेल, प्रवाळावर टेकला तर कित्येक वर्षांची वाढ पायातल्या फिनच्या एका फटक्यानं मोडेल. आपल्या वन्यजीव कायद्यानं प्रवाळाला वाघाच्याच रांगेत, पहिल्या परिशिष्टात, बसवलं आहे. पर्यटकांना हे क्वचितच ठाऊक असतं.

आता ठिकाणं. मालवण-तारकर्ली आपल्या माणसांना जवळचं वाटतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाच-आठ मीटरवर होतं ते स्कूबा मुख्यतः पोहता न येणाऱ्या पर्यटकांसाठी आहे. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून ठेवतो, फोटो निघतो, वर यायचं. पहिल्यांदा पाण्याखाली बघायला ते छानच, पण कार्ड घेतलेल्या माणसाला तिथे कोणी सुटं सोडत नाही आणि तो वैतागतो. शिवाय त्या पाण्यात कधी सात-आठ मीटर दिसतं, कधी स्वतःचा हात दिसायची मारामार. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी स्वतंत्र संस्था आहे. शिकायचं किंवा उजळणी करायची असेल तर तिथे जावं. निवती रॉकजवळ नौदलाची निवृत्त नौका 'गुलदार' बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. ती जागा डायव्हरांना खुली झाली की खोली, ओढ आणि कोणत्या कार्डवाल्यांना प्रवेश, एवढी माहिती तरी बातमीत आवर्जून द्या.

कोकणाच्या बाबतीत हंगामाचंही बोललं पाहिजे. शाळांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये, म्हणून आपली गर्दी नेमकी मेच्या अखेरीला. समुद्राचं अंग तेव्हा बदलायला लागलेलं असतं. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. ती माणसं पाण्याखालून सुखरूप वर आली होती. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यातलं स्वस्त पॅकेज कोणी दाखवलं की मी सरळ नाही म्हणते. डिसेंबर ते मार्च हा काळ धरावा.

कर्नाटकातलं नेत्राणी मला नव्या डायव्हरसाठी मालवणपेक्षा सरस वाटतं. मुरुडेश्वरहून बोटीनं जायचं, साधारण दहा सागरी मैल. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ, उथळ बाजू भरपूर, मासे मुबलक. अडचण बोटीची. सकाळी रिकाम्या पोटी बसलेला आणि तुडुंब इडली-सांबार खाऊन बसलेला, दोघेही सारखेच ओकतात. थोडं काहीतरी खाऊन बसावं आणि बोट लागत असेल तर गोळी आधीच्या रात्री डॉक्टरांना विचारून घ्यावी.

अंदमानात हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, मी पहिल्या मोठ्या सुट्टीसाठी डोळे झाकून सांगते, पण जागा निवडून. नेमो रीफला किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येतं, तळ हळूहळू उतरत जातो. लाइटहाउस नावाची जागाही अठराच्या आत-बाहेरची. आठवडाभर एवढ्यावरच काढला तरी कंटाळा येत नाही. गोम अशी, की डायव्हिंग सेंटरवाल्यांच्या बोटी रोज कुठेतरी जात असतात आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच बोटीत घालणं त्यांना सोयीचं पडतं. अशाच एका सेंटरवर आम्हाला आदल्या संध्याकाळी सांगितलं, उद्या जॉनीज गॉर्ज. तो पंचवीस-तीस मीटरचा. मी कार्ड पुढे केलं, तर तिथला गाइड म्हणाला, "अ‍ॅडव्हान्स्ड नाही? चालेल हो, मी आहे ना बरोबर." नणंद फोटो बघून हरखली होती. "वहिनी, एवढं निळं दिसतंय, जाऊ या की." मी तिला खोलीवर नेऊन कागदावर हवेचा हिशेब मांडून दाखवला. तिनं बँकेतल्या सवयीनं तो पुन्हा तपासला आणि स्वतःच जाऊन नाव काढून आली. दुसऱ्या दिवशी आम्ही नेमो रीफवर होतो. लेकीला तिथं एका खडकाच्या कपारीत ऑक्टोपस दिसला, तिनं इतक्या जोरात हातवारे केले की तो रंग बदलून पसार.

लक्षद्वीपच्या खाजणांइतकं नव्या माणसाला सोयीचं पाणी आपल्या देशात दुसरीकडे मिळणं कठीण. कदमत, बंगाराम, अगत्ती ही प्रवाळबेटं. आतलं पाणी उथळ, कोमट आणि काचेसारखं. परवाना लागतो, तो आधी काढावा लागतो, आणि जागा मर्यादित असतात. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी तापून तिथलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं, त्यामुळे जुन्या फोटोंवर जाऊ नये. नाशिककरांना एक गंमत सांगते. नाशिकरोडला थांबणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस कोकण रेल्वेनं थेट एर्नाकुलमला जाते, आणि बेटांची जहाजं कोचीहूनच सुटतात. नेत्राणीलाही हीच गाडी, कारवारला उतरून पुढे बसनं.

तारखा ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर काढा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं-उतरतं आणि ओढही वाढते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी त्या मानानं निवांत. कोकणातला प्रत्येक कोळी हे जाणतो, पण पॅकेज विकणाऱ्यांच्या बोलण्यात ते कधी येत नाही. दोन आठवडे मागे-पुढे करता येत असतील तर सुट्टी अष्टमीला धरून घ्यावी.

आता परतीचा प्रवास. हा मुद्दा नाशिककरांसाठी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आपल्या यादीत तो नव्हता आणि बहुतेकांच्या डोक्यातही नसतो. डाइव्हनंतर अंगात जास्तीचा नायट्रोजन उरलेला असतो. बाहेरचा दाब एकदम कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास आणि रोजच्या अनेक डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. पण दाब कमी व्हायला विमानच लागतं असं नाही. हा नियम साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीसाठी धरतात. आंबोलीची उंची ६९० मीटरच्या घरात, बेळगाव त्याहून वर. आपलं नाशिक स्वतःच जवळपास ६०० मीटरवर वसलेलं. मालवणात सात मीटरवर वीस मिनिटं घालवून आलेल्याला याची फार चिंता नको. पण नेत्राणीत दोन दिवस सोळा-अठरा मीटरचे डाइव्ह करून दुपारी बोटीतून उतरायचं आणि लगेच गाडी घाटाला लावायची, हे मी कोणाला करू देणार नाही. तो शेवटचा दिवस किनाऱ्यावर काढावा, मासे खावेत, देवदर्शन करावं, दुसऱ्या दिवशी निघावं. रेल्वेनं आलं तर बरं, कोकणपट्टीत बहुतेक प्रवास समुद्रसपाटीजवळून होतो आणि खरा चढ थेट कसाऱ्याला लागतो. रात्र त्यात निघून जाते. अंदमानातही हाच हिशेब सांभाळायचा: शेवटचा डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी, मग बोटीनं पोर्ट ब्लेअर म्हणजे आताचं श्री विजयपुरम, दुसऱ्या दिवशी विमान.

परदेशाबद्दल थोडक्यात. थायलंडचं को ताओ नव्यांसाठी उत्तम, जपानीज गार्डन्ससारख्या उथळ जागा तिथे आहेत. मात्र आपल्या दिवाळीच्या सुमारास तिथे पावसाळी वारे असतात, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नये. मालदीवच्या फोटोंना भुलून बोटीवरच राहायची सफर पहिल्याच वर्षी घेऊ नका. तिथल्या बेटांमधल्या खिंडीत पाणी नदीच्या वेगानं वाहतं. एखाद्या बेटावर राहून समोरच्याच प्रवाळावर डाइव्ह करा, ते सोपं असतं. बालीत तुलांबेनला दगडगोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत शिरून पाच मीटरपासूनच बुडालेलं जहाज बघता येतं. त्याच बालीतलं नुसा पेनिडा मात्र थंड पाण्याचं आणि जोरदार ओढीचं. आणि ज्यांना सुट्टी पावसाळ्यातच मिळते त्यांनी श्रीलंकेच्या पूर्वेकडच्या त्रिंकोमालीचा विचार करावा. आपल्याकडे धो-धो चालू असताना मे ते सप्टेंबर तिथला समुद्र शांत असतो. श्रीलंकेतलंच हिक्कडुवा पश्चिमेला, त्याचा हंगाम बरोबर उलटा, नोव्हेंबर ते एप्रिल.

पैसे भरण्याआधी सेंटरला फोन करून मी तीनच गोष्टी विचारते. एका गाइडमागे किती जण? चारपेक्षा जास्त सांगितले तर मी दुसरीकडे बघते. उद्याच्या जागेचा तळ किती मीटरवर? आणि बोटीवर ऑक्सिजन आहे का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर फोन ठेवायला हरकत नाही. विम्याचा कागदही वाचून घ्यावा. साध्या प्रवासविम्यात डायव्हिंग वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका, पैसे बुडाले तरी बेहत्तर. चोंदलेल्या नाकानं कानाचा दाब जुळत नाही आणि पडद्याला इजा होते.

आणखी एक गोष्ट माझ्या धंद्यातली. बोटीवर सामान जोडून झालं की सगळे गेजकडे एकदा बघतात, २०० बार दिसले की खूष. तेवढ्यानं भागत नाही. सिलिंडरमधली हवा तोंडात पोचवणारा रेग्युलेटर तोंडात धरून, डोळे गेजच्या काट्यावर ठेवून तीन-चार मोठे श्वास घ्यायचे. काटा हलला नाही तर ठीक. प्रत्येक श्वासाला तो खाली झुकून पुन्हा वर येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडलेला आहे. वर बसल्या बसल्या हवा पुरेशी मिळते, पण पंधरा मीटरवर तीच कमी पडेल. एका सहलीत शेजारच्या मुलाचा काटा असा नाचताना मला दिसला. त्यानं "गेज जुनं असेल" म्हणून सोडून दिलं होतं. जुनं गेज चुकीचा आकडा दाखवेल, श्वासाबरोबर डोलणार नाही. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, काटा जागेवर थांबला.

जाण्याआधी उजळणीसाठी नाशिकमध्ये सोय हवी, ही माझी जुनी तक्रार आहे. कार्ड होऊन वर्ष उलटलेल्या माणसानं आधी तलावात मास्कमधलं पाणी काढून बघावं, रेग्युलेटर काढून परत लावून बघावा. शहरातल्या एका तलावावर मी त्यासाठी विचारायला गेले, तर तिथले व्यवस्थापक दचकून म्हणाले, "सिलिंडर? गॅसचं?" हवेचं आहे म्हटल्यावर फरशी फुटेल अशी शंका आली. ती रास्त आहे, पण खाली रबरी चटई टाकली की भागतं. आपल्याकडे पोहणारे आणि आता डाइव्ह करणारेही वाढताहेत. एखाद्या तलावानं हिवाळ्यात, एरवी गर्दी नसताना, रविवारची दुपार दिली तर पैसे भरून यायला आम्ही तयार आहोत. खाली जाण्यासाठी अंगावर शिशाचं वजन बांधतात; तलावाच्या गोड्या पाण्यात पुरलेलं वजन समुद्रात मात्र पुरत नाही. खारं पाणी जड असल्यानं सामानासकट ऐंशी किलोच्या माणसाला साधारण दोन किलो शिसं जास्त लागतं. तेवढं सेंटरवर गेल्या गेल्या सांगावं.

पुरवणीत अशी यादी पुन्हा छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे तळाची खोली, हंगामाचे महिने आणि लागणारं कार्ड, एवढे तीन रकाने द्यावेत ही विनंती. जागा कमी पडली तर फोटो लहान करा.

कळावे,
आपली नियमित वाचक,
पाथर्डी फाटा, नाशिक